बढतीसाठी निबंध मोजणे थांबवा

शोधनिबंधातली लबाडी हा प्राध्यापकांचा आपसातला मामला आहे, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रुजला आहे. तो किती घातक आहे, हे जर्मनीतील योआखिम बोल्ट प्रकरणाने दाखवून दिले. लुडविग्सहाफेनच्या रुग्णालयातले हे नामवंत भूलतज्ज्ञ. रक्तदाब सावरण्यासाठी शिरेतून दिले जाणारे स्टार्चयुक्त द्रावण सुरक्षित आहे, असे सांगणारे निबंध ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. २००९ मधल्या त्यांच्या एका निबंधातले आकडे मात्र वाचकांना खटकले. रुग्णारुग्णांत जो फरक पडायलाच हवा, तो त्यात जवळपास नव्हताच. चौकशी लागली आणि २०११ मध्ये त्यांचे ऐंशीहून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्या संशोधनाला एथिक्स कमिटीची मंजुरीच आढळली नाही. २०१३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात बोल्ट यांच्या सात चाचण्या वगळून उरलेल्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा चित्रच पालटले. हे द्रावण दिलेल्या अत्यवस्थ रुग्णांत मृत्यू जास्त होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळही अधिक जणांवर येत होती.

ती बाटली स्टँडला अडकवणाऱ्या, थेंबांचा वेग लावणाऱ्या आणि तासातासाला लघवीचे माप चार्टवर टिपणाऱ्या परिचारिकेने छापील शब्दावर विश्वास ठेवला होता. तिने दुसरे करावे तरी काय?

आपल्याकडे बोल्टसारखा एकच मोठा खोटारडा शोधत बसण्याची गरज नाही. इथे किरकोळ खोटेपणाला व्यवस्थेनेच खतपाणी घातले आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यता यादीतली, विद्यापीठांनीच सुचवलेली १००९ नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्के निकृष्ट ठरली. कुणाचा पत्ता खोटा, कुणाच्या संपादकांचा ठावठिकाणा नाही, तर कुणाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा प्रभावाचा आकडा मनचा. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे तिच्या जागी यूजीसीचीच ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही मोडीत निघाली. आता पारख महाविद्यालयांनी करायची आहे. म्हणजे ज्यांना बढत्यांसाठी निबंधांचा आकडा हवा, त्यांनीच आकड्याची शहानिशा करायची!

सर्वांत जास्त भरडली जाते ती एम.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी. ड्युटी सांभाळून ती वॉर्डावॉर्डांत प्रश्नावल्या भरून घेते, रुग्णांची संमती घेते, रात्री जागून तक्ते करते. निबंध छापून येतो तेव्हा गाइडचे नाव वर असते, मग विभागप्रमुखांचे आणि तिचे शेवटी, कधी नसतेही. ज्याने काम केले नाही त्याने लेखक म्हणून नाव लावू नये, हा वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम जगभर मान्य आहे. तो मोडणे हा शिष्टाचार नव्हे, ती चोरी आहे. शिवाय पैसे भरताच आठवड्यात निबंध छापणाऱ्यांकडे गाइडच तिला पाठवत असेल, तर ती संशोधनाचा कोणता धडा घेऊन बाहेर पडणार?

पीएच.डी.साठी संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटांचा अभ्यासक्रम यूजीसीने सक्तीचा केला, हे चांगलेच झाले. पण वर्गात नीती शिकवायची आणि मुलाखतीत ‘किती छापले?’ विचारायचे, हे किती दिवस चालवणार? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि भारतीय परिचर्या परिषदेने पुढाकार घ्यावा. उमेदवाराने आपले दोनच निबंध द्यावेत, समितीने ते खरोखर वाचावेत. सोबत एथिक्स कमिटीचे पत्र, मूळ नोंदी आणि प्रत्येक लेखकाने नेमके काय केले याचा खुलासा मागावा. विद्यार्थिनीच्या प्रबंधातून निघालेल्या निबंधावर पहिले नाव तिचेच असावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. ते येत्या शैक्षणिक वर्षाआधी निघावे.