अत्तराची बाटली कोण उलटून वाचणार?



यात्रेहून परत येऊन आठवडा झाला नाही तोच दोन फोन आले. पहिलीने गोड आवाजात विचारलं, "काकू, कंपिलजीचं दर्शन छान झालं ना? आणि ते अत्तराचं काय ऐकतोय आम्ही?" दुसरीला गोड आवाज जमत नाही. "तीर्थाला जाऊन भट्टीवर फुलं उकळायला बसलात वहिनी. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

बसले होते. खोटं कशाला सांगू? साडेपाच तास बसले होते आणि त्याचे १,८०० रुपये मोजले होते. पण त्या साडेपाच तासांत जे कळलं, त्यामुळे आता मलाच तुम्हा सगळ्यांशी भांडायचं आहे. त्यात मीही आलेच.

झालं असं. आमची बस हस्तिनापूर, अहिच्छत्र करत कंपिलजीला पोहोचली. तेरावे तीर्थंकर विमलनाथ भगवंतांचं हे जन्मस्थान. तिथून अयोध्येकडे निघालं की तीनेक तासांवर कन्नौज लागतं, अत्तरांचं गाव. ड्रायव्हरला विश्रांती म्हणून तिथे एक दिवस मुक्काम होता. बाकीच्यांनी कपडे धुतले, झोपा काढल्या. आम्ही चौघी एका जुन्या कारखान्यात गेलो. तिथे पाहुण्यांना दिवसभर बसवून स्वतःच्या हाताने अत्तर काढायला शिकवतात. मार्च महिना, गुलाबाचा हंगाम. गल्लीत शिरतानाच वास आला. मी शाळेत असताना आजीच्या पेटीत यायचा तसा.

शिकवणारे कारागीर सत्तरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. तांब्याचा मोठा हंडा असतो, त्याला डेग म्हणतात. त्यात पाकळ्या आणि पाणी घालायचं, वर झाकण ठेवायचं आणि झाकणाची फट मातीत कापूस मळून त्याने बंद करायची. ते काम चाचांनी माझ्याकडे दिलं. करंज्यांच्या कडा दाबतो तसं बोटाने दाबत गेले, तर म्हणाले, "आप तो पहले से जानती हैं." डेगमधून बांबूची नळी निघते, तिच्यावर दोर गुंडाळलेला असतो. ती भपक्यात जाते. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, ते पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. वाफ तिथे गार होते आणि आत आधीच घातलेल्या तेलात सुगंध उतरतो. भट्टीला लाकडं आणि शेण्या. थर्मामीटर नाही, काही नाही. चाचा हौदात हात घालून भपक्याला स्पर्श करत आणि म्हणत, "अभी नहीं." एकदा मलाही हात लावायला सांगितला. मला काही कळलं नाही, गरम लागलं एवढंच. अत्तराला पुरता सुगंध यायचा तर रोज ताजी फुलं भरून हेच कित्येक दिवस करावं लागतं, आमचं एका दिवसाचं म्हणजे नुसती ओळख.

आता वहिनींच्या मुद्द्याचं. पाकळ्या डेगमध्ये घालण्याआधी मी ओंजळ भरून घेतली, तर त्यात दोन बारीक किडे. फुलं पहाटे खुडलेली, ओली, किडे असणारच. मी धोतराच्या कापडावर पाकळ्या पसरून झटकायला बसले, मागोमाग बाकीच्या तिघी. तास गेला. कारखान्यातली पोरं हसत होती. चाचा हसले नाहीत, त्यांनी आणखी एक कापड आणून दिलं. सगळे जीव निघाले असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. शिवाय अग्नी आहे, पाणी आहे, फूल स्वतः एकेंद्रिय जीव आहे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाची मर्यादा सांगताना अंगराग आणि कुसुम या गोष्टी जेवणा-वाहनाच्या बरोबरीने मोजल्या आहेत, उगाच नाही. तेव्हा वहिनी, तुमचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य. ज्यांनी सुगंधाचा त्याग केला आहे त्यांना माझा नमस्कार.

पण वहिनींनी तो केलेला नाही. माझ्या घरच्या कार्यात त्या दारात आल्या की परकराच्या आधी त्यांचा वास आत येतो. त्यांच्या मुलाने दुबईहून पाठवलेली ती काळी बाटली आपण सगळ्यांनी हातावर लावून पाहिली आहे. त्यात काय आहे? कुणी विचारलं?

मी कन्नौजमध्ये विचारलं. तिथे विचारता येतं, कारण माणूस समोर बसलेला असतो.

पहिला प्रश्न तेलाचा. भपक्यात चंदनाचं तेल असतं असं आपण ऐकत आलो. चाचा म्हणाले, "चंदन कहूँ तो झूठ होगा." खऱ्या चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर गेलाय, त्यामुळे शिकाऊ कामाला, आणि बाजारातल्या कितीतरी अत्तरांनाही, लिक्विड पॅराफिन वापरतात. ते पेट्रोलियमचं. चंदन नाही याचं वाईट वाटलं, पण माणसाने खरं सांगितलं.

दुसरं, तयार अत्तर ते कुप्पीत भरायला निघाले. कुप्पी म्हणजे उंटाच्या कातड्याची बाटली. कातड्यातून पाण्याचा अंश उडून जातो आणि अत्तर नितळ राहतं, म्हणून शेकडो वर्षं तीच पद्धत. मी हात पुढे केला आणि म्हटलं, मला काचेत द्या. ते म्हणाले, "पानी रह जाएगा, बहनजी." राहू दे. माझी बाटली आता कपाटात आहे, थोडी गढूळ, तळाशी पाण्याचा टपोरा थेंब.

तिसरं, फळीवर एक बरणी होती, तिच्यावर लिहिलं होतं 'नख'. मला वाटलं एखादी वनस्पती असेल. ते समुद्रातल्या शंख-शिंपल्यातल्या प्राण्याचं कवच निघालं. ते भाजून त्याचा तेलकट अर्क काढतात, तो काही भारी अत्तरांत जातो.

शेवटी मी कस्तुरीचं विचारलं. चाचांनी भट्टीकडे बघतच उत्तर दिलं, "जो असली कहे, वो या तो झूठ बोल रहा है या जेल जाएगा."

हे वाक्य ऐकून मला अयोध्येपर्यंत झोप लागली नाही. कारण तुम्हाला माहीत आहे, आपल्या महिला मंडळाची खजिनदार गेली ११ वर्षं मी आहे. घरी आल्यावर पहिल्यांदा बिलांची फाईल काढली. दर वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अत्तरदाणीत भरायला आपण अत्तर घेतो, आणि आलेल्या प्रत्येकीच्या मनगटामागे लावतो. त्या ११ बिलांपैकी ७ बिलांवर दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'ओरिजिनल कस्तुरी'. खाली माझी सही.

कस्तुरी नर मृगाच्या बेंबीजवळच्या ग्रंथीतून येते. जंगलात ती मिळवायची म्हणजे फास लावायचे, आणि फासाला नर-मादी कळत नाही, मादी आणि पाडसंही अडकून मरतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, कस्तुरीमृगाला त्यात सर्वांत वरच्या यादीत संरक्षण आहे. म्हणजे बिलावर लिहिलेलं खरं असेल तर गुन्हा झाला, आणि खोटं असेल तर मंडळाची फसवणूक झाली. दोन्ही बाबतीत पैसे मीच दिले.

मला विचाराल तर ते खोटंच होतं, आणि मी त्याबद्दल सुटकेचा श्वास टाकला. कस्तुरीसारखा वास प्रयोगशाळेत १८८८ सालीच सापडला होता. बावर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला, आणि तोही स्फोटकांवर काम करताना! आज बाजारात 'मस्क' म्हणून मिळतं ते बहुतेक असंच कारखान्यात बनवलेलं असतं. तेव्हा गंमत बघा, आपण दुकानात उभ्या राहून "नकली नको हं, ओरिजिनल दाखवा" म्हणतो, आणि या एका बाबतीत नकलीच आपल्या धर्माच्या जवळचं आहे. जवादीचंही तसंच. ते जवादी मांजराला पिंजऱ्यात ठेवून त्याच्या ग्रंथीतून खरवडून काढतात. अंबर म्हणजे ती व्हेल माशाची उलटी, जिच्या तस्करीत रत्नागिरी-रायगडकडे पकडलेल्यांच्या बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो. बाटलीवरचा 'अँबर' बहुधा झाडाच्या राळेचा नाहीतर रसायनाचा असतो. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे, आणि नक्की काय ते बाटली सांगत नाही. तिच्यावर 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढा एकच शब्द छापला की त्याच्या आत पन्नास गोष्टी लपतात.

आणि आपण! आपण बिस्किटाचा पुडा चष्मा लावून उलटून वाचतो. औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं ते केमिस्टला विचारतो. चीजमध्ये रेनेट आहे का, केकमध्ये अंडं आहे का, रेल्वेच्या सूपमध्ये कांदा आहे का. सुनांना यावरून टोमणे मारतो. मग तीच आपण अंघोळ करून, सोवळ्याची साडी नेसून, मंदिरात निघताना कानामागे काय लावतो ते आपल्याला ठाऊक नसतं. पोटात जात नाही म्हणून? शिकारीत मेलेल्या मृगाला त्याचा काय फरक?

बी.कॉम.ला आम्हाला कॉस्टिंग होतं, ते संसारात फारसं वापरलं नाही, आता वापरते. एक किलो शुद्ध गुलाबतेलाला साधारण चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे तोळाभर तेलाला ४५ किलोंच्या वर. बरं, शुद्ध तेल नको, चंदनावर काढलेलं अत्तर धरा. तोळाभर चंदनतेलाचेच हजाराच्या वर होतात, फुलं, लाकडं, मजुरी वेगळी. आपल्या बिलात 'शुद्ध गुलाब अत्तर, चंदन बेस' १८० रुपये तोळा आहे. ११ वर्षं मी ही बेरीज तपासली, पण हा भाव कधी तपासला नाही.

मी त्या दुकानदाराला रीतसर पत्र दिलं. कस्तुरी कशाची, तेल कोणतं, प्राण्यापासूनचा काही घटक आहे का, लिहून द्या. उत्तर तोंडी आलं, "मावशी, फॉर्म्युला सिक्रेट असतो." अध्यक्षांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, इतक्या खोलात गेलं तर जगणंच कठीण होईल, आणि एवढ्या वर्षांचं दुकान आहे, उगाच नाराजी कशाला.

वर्खाचं आठवा जरा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख जनावराच्या कातड्यात-आतड्यात ठेवून कुटतात, हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हाही हेच म्हणणारे होते. लोक विचारत राहिले, मागे हटले नाहीत. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केला की वर्ख करताना कुठल्याही टप्प्यावर प्राण्याची वस्तू वापरायची नाही. जगणं कठीण झालं का? काजूकतली तशीच मिळते.

सौंदर्यप्रसाधनांचं मात्र अडकलं. शाकाहारी-मांसाहारी खूण त्यांच्यावरही हवी म्हणून ओझेर हुसेन नावाच्या गृहस्थांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २००२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अहिंसेवर आपण दशलक्षणात दहा दिवस प्रवचनं ऐकतो, आणि हा आपला प्रश्न कोर्टात नेला तो हुसेन आडनावाच्या माणसाने. मला हे वाचून लाज वाटली. आज साबण-शाम्पूच्या काही बाटल्यांवर हिरवा ठिपका दिसतो, काहींवर नाही. तेव्हा छापलेलं नसेल तिथे तोंडाने विचारायचं, आणि उत्तर कागदावर घ्यायचं. ज्या दुकानाला आपण वर्षाला पाच-सहा हजारांचं गिऱ्हाईक देतो, त्याला एवढा कागद जड होऊ नये.

"मग अत्तरच बंद करा ना," असं एक सूनबाई म्हणाली. करू या की. अत्तरदाणी रिकामी ठेवून नुसतं गुलाबपाणी शिंपडलं तरी हळदीकुंकू होतं, आणि ते गुलाबपाणी खरं आहे का तेही बघता येईल. माझी हरकत नाही. मी स्वतः आता घरातल्या सगळ्या बाटल्या काढून टाकल्यात, मुलाने अमेरिकेहून आणलेलीसुद्धा. तो म्हणाला, आई, तीन हजारांची होती गं. एक गढूळ बाटली ठेवलीय. तिच्यात काय आहे ते मी सांगू शकते, दोषांसकट. अष्टमी-चतुर्दशीला तिलाही हात लावत नाही.

पण बंद करायचं तर ठरवून करू. फोनवर मला पापपुण्य शिकवून झाल्यावर तीच काळी बाटली अंगावर फवारायची, हे चालणार नाही.

मंडळाची सभा येत्या १२ तारखेला दुपारी चार वाजता आहे. संक्रांतीच्या खर्चाचा विषय मी पहिला ठेवलाय. लेखी उत्तर न देणाऱ्या दुकानाचं बिल मी पास करणार नाही, मग खजिनदार दुसरी नेमली तरी चालेल. ११ वर्षांची फाईल घेऊन येते. तुम्ही येताना आपापली बाटली घेऊन या.