नात पढताना आवाज का फाटतो?

गेल्या रबिउल अव्वलमध्ये पेणहून आमच्या वर्गातल्या एका मुलीला रोह्याला नात पढायला घेऊन गेले होते. सहावीतली मुलगी, वर्गात फार गोड पढायची. माइक हातात आला आणि पहिला मिसरा तिने नेहमीपेक्षा कितीतरी वरच्या सुरात धरला. पुढे आवाज फाटला, मग शब्दच आठवेनात. पुढच्या रांगेत कुणीतरी हसले. परतताना एसटीत नागोठण्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घरी अम्मी म्हणाली, "आपा, आता हिला कुठे उभी करू नका."

चूक माझी होती. आठवडाभर मी तर्ज आणि उच्चार घोटून घेतले. भीती वाटली तर काय करायचे, हे एकदाही सांगितले नाही.

भीतीने छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, श्वास वरच्यावर चालतो. तोकड्या श्वासावर मूल घाईने वरचा सूर धरते आणि अंतरा आला की गळा साथ सोडतो. म्हणून उठण्याआधी पाण्याचा घोट घ्यावा, श्वास सावकाश बाहेर सोडावा आणि पहिला मिसरा मनातल्या मनात खालच्या सुरात म्हणून पाहावा. तालीम पलंगावर बसून नको. उभे राहून, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर करावी. जमल्यास एकदा माइकवरही, कारण कर्ण्यातून आलेला स्वतःचाच आवाज ऐकून मूल दचकते. एवढे करूनही भीती पूर्ण जाईलच असे नाही. जगप्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्स ९६ वर्षे जगले, पण मंचावर जाण्याची धास्ती त्यांना जन्मभर होती.

सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याचा हुकूम होतो, तेव्हा ते छाती मोकळी होण्याची आणि जिभेची गाठ सुटण्याची दुआ मागतात. पाठोपाठ भाऊ हारून (अ.) यांची सोबतही मागतात. ती दुआ आपण मुलांकडून पाठ करून घेतो. सोबतीचे मात्र विसरतो, आणि दहा-अकरा वर्षांच्या लेकराला भरल्या सभेत एकटे उभे करतो.

अम्मीला मी एवढेच विचारले, "घरच्या मिलादात मोठ्या बहिणीबरोबर पढू दे का?" बऱ्याच दिवसांनी ती हो म्हणाली. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. मध्येच धाकटी एक मिसरा विसरली, थोरलीने तो धरला, पुढच्याला ती पुन्हा सामील झाली. अम्मी दाराआडून ऐकत होती.

रोह्याचे नाव मी अजून काढलेले नाही.