आधी छप्पर, मग पंखा

थंड देशांत घर बांधताना ते ऊबदार कसे राहील, हा पहिला प्रश्न असतो. आपल्या जयसिंगपुरात प्रश्न उलटा आहे: एप्रिलचे ऊन घराबाहेर कसे ठेवावे?

आपल्या शिरोळ तालुक्यातील जुनी घरे पाहा. भार लाकडी खांब-तुळया पेलतात; मातीची जाड भिंत ऊन थोपवते. दुपारची उष्णता ती ओलांडेपर्यंत संध्याकाळ होते. वर कौले, त्यांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. पण २०१९ च्या महापुरात मातीच्या भिंती ढासळल्या. लोकांना पक्के घर हवे आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यावर पत्रा टाकून काम संपत नाही. पत्रा पातळ, शिवाय पोलादातून उष्णता लाकडाच्या सुमारे ३०० पट सहज वाहते. तापलेल्या पत्र्याचे प्रारण थेट खाली बसलेल्याच्या डोक्यावर येते. पंखा हवा हलवतो, प्रारण अडवत नाही. अशा खोलीत परीक्षेचा अभ्यास कसा व्हावा?

म्हणून माझ्या मते पहिला खर्च छपरावर करावा. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा. तो बरेचसे ऊन परतवतो. खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. ते प्रारण अडवते. मधल्या हवेला दोन्ही टोकांना वाट ठेवावी.

पटत नसेल तर मोजा. दोन सारखी खोकी घ्या, त्यांवर पत्र्याचे तुकडे ठेवा, एकाला पांढरा रंग द्या. आतील तापमान दुपारी दोन वाजता नोंदवा आणि ती वही घर बांधणाऱ्या वडीलधाऱ्यांना दाखवा.