गाडी सोडणाऱ्याला आमची खबर हवी

22 मे 2025 रोजी देशातल्या 103 अमृत स्थानकांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, त्यांत आमचं मूर्तिजापूर जंक्शनही होतं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला. कॅलिपर आणि कुबडी घेऊन मी जन्मभर मास्तरकी केली. पायऱ्यांच्या जागी उतरण आली की जिवाला काय वाटतं, हे मला कुणी सांगायला नको. अमृत भारत योजनेत दिव्यांगांच्या सोयी धरल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रॅम्प आम्हाला प्लॅटफॉर्मपर्यंत नेतो. आम्हाला जायचं असतं गाडीत.

लांब पल्ल्याच्या डब्याची फरशी रुळापासून सव्वा मीटरच्या वर असते. उंच म्हणतात तो प्लॅटफॉर्म 76 ते 84 सेंटिमीटरचा. उरते जवळपास अर्ध्या मीटरची चढण, मध्ये फट आणि उभ्या लोखंडी पायऱ्या. व्हीलचेअर तिथेच थांबते. माझ्यासारख्यानं चढायचं तर आधी कुबडी कुणाच्या तरी हाती द्यायची, दांडा पकडायचा, चांगला पाय पायरीवर रोवायचा आणि मग कॅलिपरचा पाय बाजूनं फिरवून वर ओढायचा. कॅलिपरचं कुलूप लावलेलं असतं, त्यामुळे गुडघा वाकत नाही. मागून लोक रेटत असतात. आमच्यासारख्या स्टेशनवर एक्स्प्रेस दोनेक मिनिटं थांबते आणि तेवढ्यात हे सगळं उरकायचं असतं. चहावाला पोरगा धावत येतो, "सर, काठी इकडं द्या, तुमी पयले चढा," म्हणतो. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण सरकारी गाडीत चढणं एखाद्या चहावाल्याच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये.

दिव्यांगांचा डबा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. दार रुंद, संडासात धरायला दांड्या, बाकडी ठीक. पण तो गाडीच्या टोकाला असतो. अकोल्याकडच्या टोकाला की बडनेऱ्याकडच्या, हे गाडी समोर येईपर्यंत कळेलच असं नाही. बावीस डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर लांब असते. चुकीच्या टोकाला उभा राहिलेला अपंग माणूस तेवढं अंतर दोन मिनिटांत कसं कापणार? आणि पोचलाच, तर आत धडधाकट माणसं पाय पसरून बसलेली. एकदा एका मोठ्या स्टेशनवर त्या डब्याचं दार आतून लावलेलं होतं. मी कुबडीनं ठोकत राहिलो आणि गाडी निघून गेली. राखीव जागा बळकावणाऱ्याला उठवून दंड करायची तरतूद रेल्वे अधिनियमाच्या कलम 155 मध्ये 1989 पासून आहे.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. जो गाडी सोडतो, त्याला कोण चढतंय हे माहीत असायला हवं. आमचा डबा गाडीच्या शेपटीला असतो तेव्हा गार्डची केबिन त्याच डब्यात, एका भिंतीपलीकडे असते. 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हिरवा झेंडा त्याच्याच हातात असतो. खाली कुबडीवाला, आंधळा, व्हीलचेअरवाला दिसला तर तो आत जाईपर्यंत झेंडा दाखवू नये, एवढा लेखी हुकूम त्याच्यासाठी निघायला काय हरकत आहे? डबा इंजिनाकडे असेल तर कोण चढतंय ते स्टेशन मास्तरांनी त्याला कळवावं.

हे मी हवेत बोलत नाही. लहानपणी मी वडिलांबरोबर शकुंतला या आमच्या नॅरोगेज गाडीनं दर्यापूरला आत्याकडे जायचो. छोट्या स्टेशनांवर गार्डच तिकिटं द्यायचा. त्यामुळे कोण कुठे चढलं, कोण कुठे उतरणार हे त्याला ठाऊक असायचं. माझा पाय आत गेला की नाही हे पाहूनच तो गाडी सोडायचा. गाडी संथ होती, वेळ मुबलक होता, हे खरं. पण मुळात तो बघायचा.

आज बघणं सोपं झालं आहे. सवलतीचं तिकीट काढताना रेल्वेनं दिलेल्या ओळखपत्राचा नंबर टाकावा लागतो. म्हणजे कोण, कोणत्या स्टेशनवरून, कोणत्या डब्यात चढणार हे रेल्वेच्या संगणकाला गाडी येण्याआधीच कळलेलं असतं. ती माहिती मूर्तिजापूरच्या स्टेशन मास्तरांच्या टेबलावर आली पाहिजे. बिनआरक्षित जाणाऱ्यांसाठी एक फोन नंबर ठेवावा. जपानमध्ये स्टेशनचा माणूस घडीची फळी घेऊन नेमक्या दारापाशी उभा राहतो, प्रवाशाला चढवतो आणि उतरायच्या स्टेशनला डब्याचा नंबर कळवतो. तिथेही फळी तयार असते. फळी आपल्याकडेही बनते आणि फोनही लागतो.

सवलतीबद्दलही बोलायला हवं. मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली, पण दिव्यांगांची चालू राहिली, याबद्दल रेल्वेचे आभार. स्लीपरमध्ये 75 टक्क्यांपर्यंत सूट ही गरिबाला मोठी गोष्ट आहे. पण 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आणि रेल्वेची सवलत अजून चारच प्रकारांना आहे. त्यातही हातापायानं अधू असलेल्याला सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही, असा दाखला लागतो. जो पोरगा हिमतीनं एकटा अकोल्याला नोकरीला जातो, तो या सवलतीतून बाद. स्वतःच्या पायावर उभं राहणाऱ्याला तिकीट महाग पडावं, हा नियम बदललाच पाहिजे.

नियम बनवणाऱ्यांच्या खोलीत आमची माणसं असती तर हे चाललं नसतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील 2016 मध्ये यूपीएससी परीक्षा पास झाल्या. त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली होती, पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेनं त्यांना घेतलं नाही. पुढच्याच वर्षी 124 वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. नुकसान कुणाचं झालं?

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. तेव्हा भुसावळ विभागाला माझी विनंती आहे: सुरुवात आमच्या जंक्शनपासून करा. गाडीच्या घोषणेबरोबर दिव्यांग डबा कोणत्या टोकाला आहे ते सांगा, एक फळी ठेवा, एका माणसाला जबाबदारी द्या. शकुंतलेचं ब्रॉडगेज होईल तेव्हा प्लॅटफॉर्म आणि डबा यांचा मेळ नकाशातच घाला. मागाहून फोडाफोड नको.

आणि वाचकहो, त्या डब्यात बसू नका, कुणी बसलं असेल तर उठवायला संकोच करू नका. नाहीच ऐकलं तर 139 वर तक्रार नोंदवा.