एक गठ्ठा, अनेक दारं

परवा भाच्याचा फोन आला. नेटवर्किंगच्या पेपरला मल्टिकास्ट आहे आणि डोक्यात काही शिरत नाही म्हणे. "मामा, एका वाक्यात सांग." एका वाक्यात काही मला जमलं नाही. मग त्याला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची गोष्ट सांगितली. फोन ठेवल्यावर वाटलं, इथेही लिहूनच टाकावी.

आमच्या लहानपणी वर्तमानपत्रं पहाटे औरंगाबादेहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) जालन्याला यायची. एकच मोठा गठ्ठा. तो जालन्याला फुटायचा, मग एक अंबडला, एक भोकरदनला, एक मंठ्याला. तिथून पुढे खेड्यांकडे. ज्या गावात एकही वर्गणीदार नाही, तिकडे गठ्ठा जायचाच नाही. प्रत्येक वाचकासाठी औरंगाबादेहून वेगळी गाडी सोडायचा वेडेपणा कोणी केला नाही.

मल्टिकास्ट म्हणजे हेच. स्टीव्ह डीअरिंग यांनी ही कल्पना मांडली, १९८९ साली तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते कोणा एका संगणकाचे नसतात, गटाचे असतात. ज्याला हवं तो जवळच्या राऊटरला कळवतो, "मला या गटात घ्या." ही बोलण्याची रीत म्हणजे आयजीएमपी. राऊटर दर दोनेक मिनिटांनी विचारतो, "आहे का कोणी?" गंमत म्हणजे नावांची यादी त्याला लागतच नाही. एकाने 'आहे' म्हटलं तरी पुरे. कोणीच बोललं नाही, की काही वेळाने तिकडचा पुरवठा बंद.

राऊटर मग आपल्या वरच्या राऊटरकडे मागणी करतो, तो त्याच्या वरच्याकडे. असं झाड तयार होतं. हे काम बहुतेक ठिकाणी पिम नावाची पद्धत करते. प्रत निघते ती फक्त फाटा फुटतो तिथे. आणि पॅकेट योग्य दिशेने, म्हणजे पाठवणाऱ्याकडच्या वाटेनेच आलं असेल तर पुढे जातं. नाहीतर एकच पॅकेट गोल गोल फिरत बसलं असतं.

"म्हणजे बँडविड्थ वाचवायची युक्ती," भाचा म्हणाला. पुस्तकात तसंच आहे. मला मात्र त्यात न्यायाचा भाग मोठा वाटतो.

मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजचं उदाहरण घ्या. २०१० च्या सुमारास तिथे ब्रोकरांना एक्सचेंजच्याच आवारात सर्व्हर ठेवायची सोय झाली. क्षणाक्षणाच्या भावांची माहिती तेव्हा प्रत्येकाला वेगळ्या टीसीपी जोडणीवरून, एकामागून एक जायची. जो आधी जोडला गेला, त्याला आधी. २०१४ साली एक्सचेंज मल्टिकास्टवर गेलं. पण आधीच्या रांगेचं प्रकरण पेटलंच. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एक्सचेंजला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये सॅटने ती वसुली रद्द केली, पण पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला लावले.

फरक सेकंदाच्या लहानशा तुकड्याचा. पण आमचे अण्णा सोयाबीन घेऊन मोंढ्यात जायचे, तेव्हा भाव वाढल्याचं अडत्याला फोनवर आधी कळायचं, अण्णांना माल विकून झाल्यावर. ज्याला आधी कळतं तो घेतो, ज्याला नंतर कळतं तो विकतो. रांग लहान असो की मोठी, शेवटच्याचं नुकसान ठरलेलं.

मल्टिकास्टही काही देवमाणूस नाही. चुकलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. राऊटरला प्रत्येक गट लक्षात ठेवावा लागतो. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात ते सहसा जातही नाही, म्हणून मोबाईलवर मॅच बघताना आजही प्रत्येकाला वेगळी प्रत येते. तरी जिथे बातमीची किंमत पैशात होते, तिथे पाठवणाऱ्याच्या दारात रांग नसावी, एवढं माझं म्हणणं.

भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं पेपरात लिहू?"

म्हटलं, "नको रे बाबा. पेपरात आयजीएमपीच लिही."