पदरमोडीची पुस्तके

आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारी एक मुलगी मध्यंतरी एका संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. एका वृत्तवाहिनीत नोकरी करते. दिवसाला बारा-बारा बातम्या पाडाव्या लागतात, त्यातली एकही आपण डोळ्यांनी पाहिलेली नसते, अशी तिची तक्रार. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलली आणि मग एकदम म्हणाली, ''काका, नोकरी सोडून एखाद्या गावात जाऊन राहावं आणि लिहावं, असं फार वाटतंय. घरचे विचारतात, खाणार काय? तुम्ही म्हणे पूर्वी हेच करायचात. सांगा ना, सोडू का?''

मी करायचो, हे खरे. ऐंशीच्या दशकात मी तीन वर्षे मुक्त पत्रकार होतो. मुक्त म्हणजे पगारातून मुक्त! एका हिवाळ्यात बीडहून आलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या एका टोळीबरोबर मी एकोणीस दिवस राहिलो. उचल किती, मुकादम किती कापतो, कोयता म्हणजे एक माणूस नव्हे तर नवरा-बायको मिळून एक, बाई बाळंत झाली तर खाडा कसा धरतात, हे सारे चार वह्यांत टिपून आणले. त्यातला एक लेख छापून आला. छापलेल्या मजकुराच्या लांबीवर जे मानधन मिळाले, ते माझ्या एस.टी.च्या भाड्यापेक्षा कमी होते. लेख छापणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडेही नव्हतेच. पुढे लग्न ठरले, मी बँकेत चिकटलो आणि त्या चार वह्या ट्रंकेत गेल्या. त्यांचे पुस्तक झाले नाही.

तेव्हा त्या मुलीला 'सोड' म्हणण्याचा अधिकार मला नव्हता, आणि 'सोडू नकोस' म्हणायला जीभ रेटेना. मी कपाटातून काही पुस्तके काढून तिच्या हाती दिली आणि म्हटले, आधी ही वाच. तीच पुस्तके आज वाचकांपुढे ठेवतो आहे. गेल्या काही वर्षांतली ही पुस्तके बहुतांशी स्वतःच्या जबाबदारीवर हिंडणाऱ्या माणसांनी लिहिलेली आहेत. ज्यांनी मधल्या काळात नोकऱ्या केल्या, त्यांचीही ही पुस्तके नोकरीचा भाग म्हणून झालेली नाहीत.

पहिले जवळचे, यवतमाळचे. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांचे 'रामराव' हे इंग्रजी पुस्तक २०२१ साली आले. शेतकरी आत्महत्यांवर आपल्याकडे इतके आकडे छापून आले आहेत की आकडा दिसला की डोळा पुढच्या ओळीवर सरकतो. हर्डीकरांनी युक्ती साधी केली. मेलेल्यांची संख्या मोजण्याऐवजी ते वाचलेल्या एका माणसापाशी जाऊन बसले. या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने २०१४ साली कीटकनाशक घेतले आणि तो दवाखान्यातून जिवंत परत आला. परत येऊन त्याला तेच शेत, तेच कर्ज आणि तोच सावकार भेटला. मग पुढे काय? हा 'पुढे काय' कोणत्याही बातमीत मावत नाही, कारण बातमी मरणापाशी संपते. हर्डीकर वर्षानुवर्षे त्या घरी जात राहिले. पुस्तकात धोरणांची चर्चा जिथे लांबते तिथे ते थोडे जड होते. पण रामरावच्या ओसरीवर परत आले की पुन्हा धरून ठेवते.

दुसरे मुंबईचे. सौम्या रॉय यांचे 'माउंटन टेल्स' हेही २०२१चेच. प्लेगच्या साथीनंतर ब्रिटिशांनी शहराचा कचरा दूर नेऊन टाकायचे ठरवले आणि १८९९पासून देवनारला तो पडू लागला. सव्वाशे वर्षांत त्याचे डोंगर झाले, काही ठिकाणी शंभर फुटांहून उंच. रॉय पत्रकारिता सोडून छोटी कर्जे देणारी एक संस्था चालवीत होत्या. त्यांच्याकडे कर्ज मागायला कचरावेचक येऊ लागले आणि त्यांच्यामागून त्या डोंगरावर गेल्या. २०१६च्या जानेवारीत तिथे लागलेली आग आणि दिवसेंदिवस शहरावर साचलेला धूर मुंबईकरांना आठवत असेल. आपल्याला तेवढा धूरच आठवतो. त्या धुरानंतर पहारे वाढले, भिंती उंच झाल्या आणि वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, हे या पुस्तकात कळते. आपण फेकलेल्या वस्तू कुणाच्या घरात जाऊन संसार होतात, हे वाचल्यावर कचऱ्याचा डबा रिकामा करताना हात जरासा अडतो. भाषा मात्र कधीकधी गरजेपेक्षा जास्त काव्यमय होते, हेही सांगून ठेवतो.

तिसरे दिल्लीचे. नेहा दीक्षित यांचे 'द मेनी लाइव्ह्ज ऑफ सय्यदा एक्स' २०२४ साली प्रसिद्ध झाले. ही सय्यदा मूळची बनारसची, विणकराच्या घरातली. १९९२च्या डिसेंबरनंतर दंगलीत घर सुटले, दिल्ली गाठली, आणि पुढच्या तीस वर्षांत तिने पन्नासवर कामे केली. कधी बदाम सोलले, कधी जीन्सच्या पँटींचे धागे कापले, कधी आणखी काही. नगाला ठरलेला दर, बहुतेक काम घरी बसून. एक दिवस काम चुकले की काम दुसऱ्या बाईकडे. आपण दिवाळीत जे बदाम पाहुण्यांपुढे ठेवतो, ते परदेशातून पोत्यांनी येऊन दिल्लीच्या करावलनगरात बायकांच्या बोटांनी सोलले जातात, हे मला साठी उलटल्यावर या पुस्तकाने सांगितले. लेखिका कोणत्याही वर्तमानपत्राच्या पटावर नाहीत. एका बाईच्या मागे इतकी वर्षे राहण्याची मुभा कोणता संपादक देईल, असा प्रश्न वाचताना मनात येतो, आणि त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक असते.

चौथे पुस्तक आरती कुमार-राव यांचे 'मार्जिनलँड्स', २०२३चे. या बाई लिहितात, छायाचित्रे काढतात आणि पेन्सिलीने रेखाटनेही करतात. थरच्या वाळवंटात पावसाचे चार थेंब खडीनमध्ये अडवून गहू पिकवणारे लोक, १९७५ साली फराक्क्याचे धरण सुरू झाल्यानंतर गंगेने ज्यांचे काठ खाल्ले ती गावे, सुंदरबन, लडाख असा हा प्रवास आहे. पण प्रवासवर्णन वाचतो असे वाटत नाही. कारण त्या एकदा जाऊन आल्या नाहीत, परत परत गेल्या. वाळवंट कोरडे म्हणून ओसाड, असे समजून तिथे कालवा नेणाऱ्या अभियंत्यांपेक्षा तिथल्या गुराख्याला पाणी जास्त कळते, हे त्या कुठेही आवाज न चढवता पटवून देतात. ज्यांना इंग्रजी वाचनाची सवय थोडी कमी आहे त्यांनी याच पुस्तकापासून सुरुवात करावी.

एवढी वाचून मन जड झाले असेल तर शांता गोखले यांचे 'वन फूट ऑन द ग्राउंड' (२०१९) हाती घ्यावे. 'रीटा वेलिणकर' आणि 'त्या वर्षी' या मराठी कादंबऱ्यांच्या या लेखिकेने नोकऱ्या केल्या, सोडल्या, आणि स्तंभ, समीक्षा, अनुवाद यांवर लेखणी चालवली. ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांनी आपले आयुष्य सांगितले ते शरीराच्या हिशेबाने. टॉन्सिल, दात, बाळंतपणे, डोळे, कर्करोग, एकेका दुखण्याला धरून एकेक कालखंड. ऐकायला विचित्र वाटते, पण वाचताना वारंवार हसू येते. आत्मचरित्रात मराठी माणूस एकतर हुतात्मा होतो नाहीतर शिल्पकार. इथे बाई सरळ दातदुखीबद्दल बोलतात आणि तेवढ्यात एक काळ उभा करून जातात.

ज्यांना गोष्टींपेक्षा हिशेब आवडतो, त्यांच्यासाठी रुक्मिणी एस. यांचे 'होल नंबर्स अँड हाफ ट्रुथ्स' (२०२१). आकडेवारीवर लिहिणाऱ्या या पत्रकार. पूर्वी एका दैनिकात असताना त्यांनी दिल्लीतल्या २०१३ सालच्या, पूर्ण सुनावणी झालेल्या सुमारे ४६० बलात्कार-खटल्यांचे निकाल वाचून काढले होते. त्यातला मोठा हिस्सा घरच्यांच्या मर्जीविरुद्ध एकत्र आलेल्या जोडप्यांचा निघाला. मुलीच्या आईबापांनी मुलावर गुदरलेले खटले होते ते. म्हणजे आकडा खोटा नव्हता, पण आपण त्याचा लावलेला अर्थ अपुरा होता. आकड्याला विचारायचे प्रश्न कोणते, हे शिकवणारे इतके सुबोध पुस्तक माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

याच पुस्तकाच्या निमित्ताने एक घटना सांगण्यासारखी आहे. ते ज्या वेस्टलँड या प्रकाशनसंस्थेने काढले, तिची मालकी अ‍ॅमेझॉनकडे होती. २०२२च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने संस्था बंद करत असल्याचे जाहीर केले. तिची पुस्तके आता मिळणार नाहीत, या धास्तीने वाचकांनी दुकानांकडे धाव घेतली. पुढे त्याच वर्षी प्रतिलिपीच्या मदतीने संस्था पुन्हा उभी राहिली, हे सुदैव. पण नोकरदार लेखकाला एक पुस्तक बुडाले तरी महिन्याचा पगार असतो. मुक्त लेखकाची चार-पाच वर्षे त्या एका पुस्तकात असतात.

आता वाचक विचारतील, आणि त्या मुलीनेही विचारलेच, की काका, एवढ्या सगळ्यात मराठी पुस्तक कुठे आहे? एक आहे. लातूरला राहून पर्यावरणावर सातत्याने लिहिणारे अतुल देऊळगावकर यांचे 'ग्रेटाची हाक… तुम्हाला ऐकू येतेय ना?' हे २०२० सालचे. २०१८च्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी शाळा सोडून स्वीडनच्या संसदेबाहेर बसली, ती गोष्ट मराठी मुलांपर्यंत आणि त्यांच्या पालकांपर्यंत न्यायचे काम या पुस्तकाने केले. ते लातूरच्या माणसाने करावे यालाही अर्थ आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातून हवामानाबद्दल लिहिणे ही हौस असू शकत नाही.

पण एवढे एकच नाव घेऊन थांबावे लागते, हीच माझी खरी तक्रार आहे. महाराष्ट्रातल्या यवतमाळचे आणि देवनारचे पुस्तक मला इंग्रजीतून वाचावे लागते. ही परंपरा आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. अनिल अवचटांचे 'पूर्णिया' १९६९चे. बिहारमध्ये स्वतः हिंडून लिहिलेले. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'ने साधी साधी माणसे लिहिती केली आणि त्यांना मुलखात पाठवले. पण 'माणूस' १९८६ साली बंद पडला आणि लेखकाला प्रवासाचे भाडे देणारी मोजकी दारेही एकेक करून मिटत गेली. इंग्रजीत निदान आगाऊ रक्कम असते, शिष्यवृत्त्या असतात. पी. साईनाथ यांचे १९९६चे गाजलेले पुस्तक, जे मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' म्हणून आले, ते एका वर्तमानपत्राच्या शिष्यवृत्तीवरच उभे राहिले होते. मराठीत हजारभर प्रतींची आवृत्ती निघते, ती खपायला वर्षे लागतात, आणि लेखकाच्या हाती पडते त्यात त्याचा प्रवासखर्चही सुटत नाही.

यावर कुणी म्हणेल, ज्याला तळमळ आहे तो लिहीलच. हे वाक्य मी फार ऐकले आहे, आणि ते बहुधा पगारदार माणसाच्या तोंडून ऐकले आहे. तळमळीला एस.टी.त अर्धे तिकीट नसते. आज मुक्त लेखन कोण करू शकतो? ज्याच्या घरात दुसरा कुणी कमावता आहे, ज्याला इंग्रजी येते, ज्याचे शहरात स्वतःचे छप्पर आहे, तो. बीडच्या टोळीतल्या मुकादमाच्या हिशेबाची वही वाचू शकेल असा टोळीतलाच एखादा शिकलेला पोर या व्यवसायात टिकू शकत नाही, आणि खरे पुस्तक तर त्याच्याकडे आहे. मी त्या टोळीत एकोणीस दिवस होतो. तो तिथे जन्मला.

सरकारने काय करावे हे मी सांगत नाही. ते लेख निराळे. गावोगावची वाचनालये, सहकारी बँका, व्याख्यानमाला चालवणारी मंडळे वर्षाकाठी हारतुऱ्यांवर आणि शालींवर जेवढे खर्च करतात, त्यातून एका तरुण लेखकाचा सहा महिन्यांचा मुक्काम सहज निघेल. आणि वाचकाने? वाचकाने पुस्तक विकत घ्यावे. चार जण हॉटेलात जेवून उठतात तेव्हा बिलाकडे पाहून जेवढा विचार करतात, तेवढाच पुस्तकाच्या किमतीकडे पाहून करावा. उसने आणून वाचू नये, झेरॉक्स काढू नये, मोबाइलवर फुकट फिरणारी प्रत पुढे ढकलू नये. मुक्त लेखकाचा मालक कोणी नसतो, म्हणून वाचकच त्याचा धनी.

ती मुलगी महिन्याभराने पुस्तके परत घेऊन आली. नोकरी तिने अजून सोडलेली नाही; वर्षभर पैसे साठवून मग सोडणार आहे. हा शहाणपणा मला तिच्या वयात नव्हता. जाताना तिने विचारले, ''काका, त्या तुमच्या ऊसतोडीच्या वह्या आहेत का अजून?'' ट्रंक काढली. दोन वह्यांना वाळवी लागली होती, दोन शाबूत होत्या. त्या मी तिला दिल्या. मानधनाचे बोलणे झाले नाही, पण पुढच्या वर्षी ती बीडला निघेल तेव्हाचे भाडे मी देणार आहे, हे तिच्या आईला आधीच सांगून ठेवले आहे.