घरशिक्षणात फोनिक्सला सुट्टी नाही

टेक्साससारख्या राज्यात मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या मराठी आईबापांपुढे पहिला वाद उभा राहतो तो इंग्रजी वाचनाचा. पाढ्यांबद्दल कुणी भांडत नाही. आजी ते फोनवरूनही घेते. वाचनाबद्दल मात्र, विशेषतः फोनिक्सबद्दल, म्हणजे अक्षर आणि ध्वनीचं नातं उलगडून वाचायला शिकवण्याबद्दल, प्रत्येकाचं मत ठाम असतं. त्यातली तीन मतं मी सतत ऐकते आणि तिन्ही मुलांचं नुकसान करणारी आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिलं मत घरातलंच. "आम्हाला कुठे कुणी फोनिक्स शिकवलं? बी-यू-टी बट, पी-यू-टी पुट घोकलं, आणि आज इंग्रजीतच नोकरी करतोय." हे खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. मराठी माध्यमात इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली; त्याआधीच्या पिढ्यांना ती पाचवीत भेटली. तोवर बाराखडी पक्की झालेली होती. अक्षर ही ध्वनीची खूण आहे आणि खुणा जोडल्या की शब्द होतो, ही वाचनातली सगळ्यात अवघड पायरी आपण देवनागरीत ओलांडून आलो होतो. डॅलसमधल्या पाच वर्षांच्या मुलासाठी इंग्रजी हीच पहिली लिपी आहे. अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४. सी हे अक्षर 'कॅट'मध्ये क् आणि 'सिटी'मध्ये स्. हे कुणी उलगडून सांगितलं नाही तर मूल शे-दोनशे शब्दांची चित्रं पाठ करेल आणि अनोळखी शब्दापाशी अडून बसेल.

बट-पुटचा दाखला देऊन इंग्रजीला नियमच नाहीत असंही सांगतात. 'पुट'मधले पी आणि टी अगदी सरळ वागतात, फिरतो तो फक्त यू. तोही वाटेल तिथे फिरत नाही. पुट, पुश, पुल, फुल, बुश पाहा: यूचा 'उ' उच्चार बहुतेक वेळा ओठांनी म्हणायच्या व्यंजनानंतर येतो. 'वन', 'सेड', 'ऑव्ह' असे खरोखरच वाकडे शब्द आहेत, पण ते मोजके आहेत आणि त्यांचाही एखादाच भाग लक्षात ठेवावा लागतो.

दुसरं मत घरशिक्षणाच्या चळवळीतलं, आणि ते मांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. जॉन होल्ट यांनी १९७७ साली 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केलं. मुलावर विश्वास ठेवा हा त्यांचा आग्रह आम्हा सगळ्यांना बळ देऊन गेला. पण त्यातून "मूल बोलायला शिकतं तसं वाचायलाही आपोआप शिकेल" असा अर्थ काढणं घातक आहे. माणूस बोलत आला युगानुयुगं. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं. काही मुलं आपण होऊन वाचू लागतात हे खरं. आपलं मूल त्यांतलं आहे की नाही हे आठव्या-नवव्या वर्षापर्यंत वाट पाहून ठरवायचं, हा जुगार मला मान्य नाही.

याच समजुतीला केनेथ गुडमन यांनी १९६७ साली सिद्धान्ताचं रूप दिलं: वाचन म्हणजे संदर्भावरून अंदाज बांधत जाण्याचा खेळ. शाळांनी ते उचललं आणि मुलांना चित्र बघून शब्द ओळखायला शिकवलं. कीथ स्टॅनोविच यांच्यासारख्या संशोधकांनी नेमकं उलट दाखवलं: संदर्भावर जास्त टेकतात ती कच्ची वाचणारी मुलं, पक्का वाचक अक्षरंच वाचतो. 'नॅशनल रीडिंग पॅनेल'च्या २००० सालच्या अहवालाने क्रमवार फोनिक्सच्या बाजूने कौल दिला आणि बालवाडी-पहिलीत त्याचा लाभ सर्वाधिक असल्याचं नोंदवलं. मिसिसिपी हे वर्षानुवर्षं तळाला असलेलं राज्य. त्याने २०१३ साली वाचनाचा कायदा केला, शिक्षकांना ध्वनी-अक्षरांचं प्रशिक्षण दिलं, आणि २०१९ मध्ये तिथली चौथीची मुलं राष्ट्रीय सरासरीला पोचली. त्या कायद्यात तिसरीत वाचता न येणाऱ्यांना मागे ठेवण्याची तरतूदही होती, म्हणून सगळं श्रेय एकट्या फोनिक्सचं नाही. पण त्याला वगळून ही चढण झाली नसती.

तिसरं मत असं की फोनिक्स रूक्ष आहे, गोष्टींची गोडी मारतं, शाळाच घरी आणतं. आमचा आठवडा याला पुरेसं उत्तर आहे. सोमवार ते गुरुवार सकाळी वीस मिनिटं ध्वनी-अक्षरं. शुक्रवारी वाचनालय. रविवारी मराठी शाळा. रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवणं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. टेक्सासचा कायदा वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढे विषय मागतो. तास मोजत नाही. म्हणजे उरलेला दिवस मुलाचाच. फोनिक्स आणि गोष्टी दोन्ही का हव्यात, याचं गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र सोपं आहे: वाचन म्हणजे अक्षर सोडवणं गुणिले अर्थ समजणं. एक शून्य असेल तर गुणाकार शून्य. गोष्टी अर्थाची बाजू भरतात, फोनिक्स अक्षरांची, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

कार्यक्रम कोणता घ्यायचा, तर महागडी पेटी लागत नाही. एंगलमन आणि सहकाऱ्यांचं १९८३ सालचं शंभर धड्यांचं पुस्तक एका पुस्तकाच्या किमतीत येतं, आणि काय बोलायचं तेही पालकाला शब्दन् शब्द लिहून देतं. 'जॉली फोनिक्स' ४२ ध्वनी हावभावांसह शिकवतं. हातपाय हलवल्याशिवाय न शिकणाऱ्या मुलाला ते मानवतं. अक्षरांच्या सोंगट्या हलवायला आवडत असतील तर 'ऑल अबाउट रीडिंग'. माझ्या लेखी तिन्ही चालतील, कारण तिन्हींत ध्वनींचा क्रम ठरलेला आहे आणि शिकवलेल्याची उजळणी होत राहते. "चित्र बघ आणि ओळख" म्हणणारं पुस्तक कितीही देखणं असो, घेऊ नका.

मराठी पालकांनी एक गोष्ट जपायलाच हवी. आपली जीभ व्यंजनाला 'अ' लावूनच उच्चारते. "ब, अॅ, ट" असं म्हटलं की मुलाला "बअॅट" ऐकू येतं आणि जोडणी बिघडते. ब्, ट्, प् असे पाय मोडलेले ध्वनी आधी स्वतः म्हणून बघा. हलन्त आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचा उपयोग इथे करा.

खरेदीआधी त्या कार्यक्रमाचे पहिले दहा धडे आणि पहिलं गोष्टीचं पुस्तक उघडा. तोवर शिकवलेल्या अक्षरांनी मुलाला त्यातला जवळपास प्रत्येक शब्द सोडवता यायला हवा. येत नसेल तर ते परत ठेवा आणि दुसरं बघा.